हवालदारांचं मत

चित्रपट चालू असताना पडद्याकडे पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ज्याला चित्रपट कळतो असा माणूसही तोच एक. बाकी आम्ही सगळे पडद्याकडे तोंड करून बसलेले. त्यात माझं तोंड जरा जास्तच वर, कारण मी समीक्षक होतो.

समीक्षक कसा झालो ते आधीच सांगून टाकतो. एकाहत्तरचं युद्ध संपून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. साताऱ्यात मी शिक्षण खात्यात कारकून होतो. शेजारच्या खोलीत राहणारे गृहस्थ एक चारपानी साप्ताहिक काढायचे. त्याच्या तिसऱ्या पानावर खालच्या कोपऱ्यात दंतमंजनाची जाहिरात असायची. पुढे दंतमंजनवाल्याचं आणि संपादकांचं बिनसलं, वीतभर जागा मोकळी पडली आणि मी समीक्षक झालो. ‘रसिकमित्र’ असं टोपणनाव घेतलं. मोबदला म्हणून टॉकीजचा पास.

त्या टॉकीजच्या आतल्या दारावर हवालदार उभे असायचे. नाव सर्जेराव, पण हाक मारताना सगळे हवालदारच म्हणत. गाव पलूसकडचं. पासष्टच्या लढाईत गुडघ्यात छर्रा घुसला आणि ते घरी आले. घरचा ऊस धाकटा भाऊ बघत होता. “मी बांधावर बसून काय करू, भाऊसाहेब? उसाला काय तोंड असतं व्हय, बगत बसाया?” असं म्हणून ते साताऱ्याला आले आणि टॉकीजच्या दाराशी उभे राहिले. बसून करायचं काम दोनदा चालून आलं होतं, तिकीटबारीवरचं. दोन्ही वेळा त्यांनी ते नाकारलं. बारीतून नुसते हात दिसतात, हे त्यांचं कारण.

अंगात कडक इस्त्रीचा खाकी शर्ट, कमरेला लष्करी पट्टा, हातात लांब दांड्याची बॅटरी. तिचा झोत त्यांनी कुणाच्या तोंडावर कधी टाकला नाही. कायम जमिनीवर.

आमची ओळख माझ्या पहिल्याच घोटाळ्यातून झाली. एका रडक्या हिंदी चित्रपटावर मी लिहिलं होतं की नायिकेने अश्रूंचा महापूर आणला असून हा चित्रपट साताऱ्यात रौप्यमहोत्सव साजरा केल्यावाचून राहणार नाही. चौथ्या दिवशी दुपारी पास घेऊन गेलो तर गडी शिडीवर चढून पोस्टर खरवडत होता. हवालदार दारात उभे होते. गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “या, रौप्यमहोत्सव.”

मी म्हटलं, “हवालदार, अहो, पहिल्या खेळाला माझ्या शेजारचा माणूस ढसाढसा रडत होता.”

“त्यो सदाशिव कासार. त्याची म्हस मेली गेल्या सोमवारी. मान्सं कशालाबी रडत्यात, भाऊसाहेब. घरचं आठवलं तरी रडत्यात. त्याचं मार्क पडद्याला द्यायचं न्हाईत.”

“मग कशाचे द्यायचे?”

त्यांनी बॅटरी खाली रोखली. “चपलांचं.”

टॉकीजसमोरच्या चहाच्या गाड्यावर त्या दिवशी त्यांनी मला सगळं शास्त्र सांगितलं. आपल्याकडचा माणूस खुर्चीत बसला की आधी पायातल्या चपला काढतो, एक पाय वर घेतो आणि मग पडद्याकडे बघतो. पडद्यावरचा माणूस खरं वागायला लागला की तो चपला विसरतो. खोटं वागायला लागला की वरचा पाय आपोआप खाली येतो आणि अंधारात चपला चाचपायला लागतो. “गड्याला सोत्ताला ठाव नसतं. त्ये वर बगतच असतंय, शेंगा खातच असतंय. पन पायाला कळल्यालं असतंय. मी झोत खाली ठिवतो आन् पाय बगतो. पाय काय बोललं की मगच मान वळवून पडदा बगतो. गाण्यात हालल्या तर सोडून देतो, मुतायला उठत्यात. पन मरनाच्या शीनला चपला हालल्या की त्यो नट गेला.”

पुढे कितीतरी खेळ मी त्यांच्या शेजारी दाराशी उभं राहून पाहिले, आणि त्यांचं चुकलेलं मला आठवत नाही. पन्नाशीला आलेला एक बडा नायक कॉलेजकुमार झाला होता. वह्या छातीशी धरून, बागेत पळत. पोरीटोरी खूश होत्या. हवालदार म्हणाले, “ह्येला कालिजात घ्यायला हरकत न्हाई. प्रिन्सिपाल म्हनून.” एक नट प्रत्येक चित्रपटात इन्स्पेक्टर व्हायचा, त्याच्याबद्दल म्हणाले, “लय गुनी मानूस. आजपातूर कवा येळंवर आला न्हाई.” आणि एका विनोदी नटावर सगळं थिएटर गडाबडा लोळत असताना त्यांनी मान हलवली. “ह्यो मानूस दुखात हाय. त्याला एकदा रडायचं काम द्या, मग बगा.” तीन वर्षांनी कुणीतरी दिलं आणि त्याला बक्षीस मिळालं.

एकदा मात्र त्यांनी पायांकडे पाहिलंच नाही. लढाईवरचा चित्रपट होता. नायकाच्या छातीत गोळी लागते आणि तो मित्राच्या मांडीवर डोकं ठेवून देश, आई, प्रेयसी आणि झेंडा या क्रमाने बोलत राहतो. थिएटरात टाळ्या पडत होत्या. हवालदार वळून पडद्याकडे बघत होते. खेळ सुटल्यावर मी विचारलं, “काय मत?”

त्यांनी बॅटरी पट्ट्यात खोचली. मग म्हणाले, “गोळी लागल्याला मानूस पानी मागतो. भाशान न्हाई करत. आमचा नामदेव नुसता ‘बूट काडा माजं’ म्हनत हुता. लय घट झाल्यात म्हनला. आमी काडलं बूट. तवर गेला.”

मी त्या आठवड्याच्या लेखात ते वाक्य घातलं. नामदेवाचं नाव तेवढं काढलं. ‘मृत्यूच्या दारात मानवास वक्तृत्व नव्हे तर पादत्राणांचा भार जाणवतो’, असं शुद्ध करून. कुणा वाचकाने संपादकांना पत्र पाठवलं की रसिकमित्रांचं जीवनचिंतन सखोल आहे. मी ते पत्र खिशात घालून आठवडाभर फिरलो.

हे असं सुरू झालं. आधी एखादं वाक्य, मग एखादा परिच्छेद, मग सगळा लेख. ते चहा पिता पिता बोलायचे, मी घरी जाऊन त्याला मराठी व्याकरणाची अंघोळ घालायचो. माझं नाव गावात होऊ लागलं. कोणाला बक्षीस मिळणार, कोण वाया जाणार, कोणती जोडी चुकीची जमवली आहे, हे लोक मला रस्त्यात थांबवून विचारू लागले. मी ‘पुढच्या अंकात बघा’ म्हणायचो, कारण मलाही आधी हवालदारांना विचारायचं असायचं.

त्यांना हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. अंक निघाला की ते एक प्रत गावाकडे भावाला पोस्टाने पाठवायचे, माझ्या लेखाभोवती पेन्सिलीने चौकोन करून. मला म्हणायचे, “शुद्द भाषेत माजं मत लय शिकल्यालं वाटतंय, भाऊसाहेब.” त्यांना त्यात आनंद होता आणि मला सोय. अट एकच होती, आणि ती त्यांनी पहिल्याच महिन्यात घातली होती. “माजं नाव कुटं घ्यायचं न्हाई. छापून बी न्हाई आन् तोंडानं बी न्हाई. मालकाचं मीठ खातो. दारावरच्या मान्सानं शिनेमाला नावं ठिवली तर मालक दारावर ठिवंल व्हय?”

मी म्हटलं, “हवालदार, जीव गेला तरी नाही.” अशी वाक्यं मला पटकन सुचतात.

आता मालकांविषयी. त्यांना अण्णासाहेब म्हणत. त्यांची थोरली मुलगी सांगलीला दिली होती. व्याह्यांचा ऊस दांडगा, आणि जावयाला नट व्हायचं होतं. व्याह्यांनी मुलासाठी एक मराठी चित्रपटच काढला. औंधाजवळच्या एका गावात दोन महिने शूटिंग चाललं. साताऱ्यातला पहिला खेळ अर्थातच अण्णासाहेबांच्या टॉकीजला. दुपारी बाराचा. बाहेर सनई, आत अत्तर, बाल्कनीत सांगलीची मंडळी, आणि त्यांच्यात अण्णासाहेबांच्या शेजारी मी. खाली पब्लिक, दाराशी हवालदार.

जावई दिसायला देखणा होता. तेवढं सोडलं तर चित्रपटात तो घोड्यावर बसला, कुस्ती खेळला, आईच्या चितेपुढे ओरडला, आणि या सर्व प्रसंगी त्याच्या चेहऱ्यावर एकच भाव होता. तो कोणता ते मला सांगता येत नव्हतं. ते हवालदारांनी संध्याकाळी चहाच्या गाड्यावर सांगितलं.

“मांडवात बसल्याला नवरदेव बगितलाय? भट काय म्हनतोय त्येच्याकडं ध्यान नसतं, नवरीकडं नसतं. फोटोवाला कुटं हाय, तिकडं सारखं बगत असतंय. आय मेली तरी ह्येचं ध्यान फोटोवाल्याकडं. चितेच्या शीनला समद्या थेटरात चपलांचा नुसता खुडबुडाट. मी म्हनलं उठत्यात का काय.”

“आणि चांगलं कोण?”

“ती शेजारीन.”

मला कोण शेजारीण ते आठवेना. दोन-तीनच प्रसंगांची बाई होती. आई मेल्यावर ती भाकरी घेऊन दारात येते, आत बघते, चूल थंड असते. भाकरी खाली ठेवते आणि चुलीपुढे बसून फुंकू लागते. संवाद नाही.

“बोलली न्हाई,” हवालदार म्हणाले. “नुसती फुकत हुती. डोळ्यात धूर गेला तर पुसलं सुदीक न्हाई. तीनशे मान्सात एक पाय हालला न्हाई, भाऊसाहेब. सरकारी बक्षीस हिलाच. लिवून ठिवा.” मग त्यांनी कप गाड्यावर ठेवला. “लिवून ठिवा म्हनजे मनात. ह्ये छापू नगा. जावयाचा मामला हाय. पोरीच्या संसाराला आच लागंल.”

मी हो म्हटलं. घरी गेलो. दिवसभर अण्णासाहेबांचे पेढे खाल्लेले असल्यामुळे आधी स्तुतिपर लेख लिहायला बसलो. दोन ओळी झाल्या आणि मला त्या इतक्या मिळमिळीत वाटल्या, इतक्या माझ्या वाटल्या, की मी कागद फाडला. मग हवालदारांचं लिहिलं. नवरदेव, फोटोवाला, शेजारीण, बक्षीस. आणि खास शेवटाला, ‘नायक मातेच्या चितेपुढे टाहो फोडतो त्या क्षणी अवघ्या प्रेक्षागृहात पादत्राणांचा शोध सुरू होतो.’ हे वाक्य मी मोठ्याने तीनदा वाचलं. शेजारून संपादकांनी भिंतीवर टकटक केली.

अंक निघाल्यावर पाचव्या दिवशी अण्णासाहेबांचं बोलावणं आलं. टॉकीजच्या ऑफिसात ते एकटेच बसले होते. टेबलावर अंक, अंकावर आंतर्देशीय पत्र.

“या रसिकमित्र, बसा. व्याह्यांचं पत्र आहे. म्हणतात, साताऱ्याच्या माणसांनी साताऱ्याच्या पेपरात आमच्या पोराची अब्रू काढली, ती सासऱ्याच्या इशाऱ्याशिवाय काढली असेल काय. माझ्या मुलीला दोन दिवस घरात कुणी बोलत नाही.”

कलास्वातंत्र्य असा एक शब्द मला येत होता, तो तोंडातच विरघळला.

“मला एकच सांगा. तुम्ही माझ्या शेजारी बाल्कनीत होता. बाल्कनीतनं खालच्या लोकांची डोकी दिसतात. हे पाय तुम्हाला कुठनं दिसले?”

मी टेबलावरचं पत्र उगाच सरळ केलं.

“शिक्षण सभापती आमच्या नात्यातले आहेत. तुमचं टेबल त्यांच्याच खात्यात ना?” अण्णासाहेब अजिबात चढ्या आवाजात बोलत नव्हते. “मला व्याह्यांना कोणाचंतरी नाव कळवायचंय. तुमचं कळवू का?”

त्या वेळी मला काय काय बोलता आलं असतं, याची यादी मी पुढे पुष्कळदा केली. एकट्याने, सायकलवरून जाताना. एकेक उत्तर इतकं बाणेदार आहे की कुणालाही बक्षीस मिळावं. प्रत्यक्षात मी म्हटलं, “मत हवालदारांचं आहे. मी फक्त शब्दांकन केलं.”

दोन वर्षं मी त्या माणसाची मतं माझ्या नावावर छापत होतो. त्यांच्या मताला त्यांचं नाव मी पहिल्यांदा दिलं ते त्या खोलीत.

अण्णासाहेबांनी घंटी वाजवून हवालदारांना आत बोलावलं. मला वाटलं होतं, मी गेल्यावर बोलावतील. अण्णासाहेबांनी अंक उचलून ते चितेचं वाक्य सावकाश वाचून दाखवलं आणि म्हणाले, “हे म्हणतात, हे तुझं मत आहे.”

हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. गर्दीत ओळखीचा माणूस दिसला पण तोच की दुसरा, अशा नजरेने पाहिलं. मग टाचा जुळवल्या.

“व्हय मालक. भाषा ह्येंची हाय. मत माजं हाय.”

“आणि खरं आहे?”

“खरं हाय.”

दुसऱ्या दिवसापासून त्यांना सायकल स्टँडवर टाकलं. टॉकीजच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. भिंतीतून चित्रपट ऐकू यायचा आणि दिसायचा मात्र नाही. सायकल लावताना लोक सवयीने विचारायचे, “काय हवालदार, कसा हाय?” ते पितळी बिल्ला हातात देत म्हणायचे, “नुसता आवाज येतोय, गड्या. आवाजावर मी मत देत न्हाई.” हे मला लोकांनी सांगितलं. मी स्वतः तेव्हा टॉकीजला चालत जात होतो. व्यायाम बरा असतो.

लेखही बंद पडायला हवे होते, पण पडले नाहीत. मी माझी मतं लिहू लागलो आणि कुणाला फरक कळला नाही. ते मला जास्त लागलं.

वर्षाने सरकारी बक्षिसं जाहीर झाली. आमच्या त्या चित्रपटाला एकच मिळालं, शेजारणीला. सांगलीकर एका रात्रीत सगळं विसरले. बक्षीस म्हणजे बक्षीस, घराण्यात आलं. साताऱ्यात पुन्हा तो चित्रपट लागला आणि पहिल्या खेळाआधी टॉकीजमध्ये सत्कार ठरला. कोणाचा, तर वर्षापूर्वीच हे भाकीत करणाऱ्या रसिकमित्रांचा.

मी नाही म्हणू शकलो असतो. त्या दिवशी मी मुद्दाम सायकल घेऊन गेलो. हवालदारांशी दोन शब्द बोलावे, असं मनात होतं. शेडमध्ये मोठी गर्दी होती. बिल्ला हातात आला, हात त्यांचा होता, मी वर पाहिलं नाही.

जावयाने मला शाल पांघरली. अण्णासाहेब बोलले, व्याही बोलले. मग म्हणाले, रसिकमित्रांनी अभिनय कसा पाहावा यावर मार्गदर्शन करावं. मी उभा राहिलो आणि, वाचकहो, मी चपलांचं शास्त्र सांगितलं. बॅटरीसकट. लोक आपापल्या पायांकडे बघून हसत होते, टाळ्या देत होते. मी नामदेवाचे बूटही सोडले नाहीत. ‘माझ्या एका परिचित जवानाने’ असं म्हटलं. पंधरा मिनिटं बोललो. बाहेरच्या गर्दीला ऐकू जावं म्हणून कर्णा लावला होता. तो सायकल स्टँडच्या पत्र्यावरच बांधलेला आहे, हे मला नारळ घेऊन बाहेर आल्यावर दिसलं.

शेडमध्ये तेव्हा ते एकटेच होते. लोक आत चित्रपट बघत होते. मी खिसे चाचपले. सदरा, विजार, पुन्हा सदरा. शाल झटकली. बिल्ला नव्हता.

“हवालदार, बिल्ला कुठं पडला वाटतं. ती बघा, खांबाजवळची काळी, ती माझी.”

“बिल्ल्याबिगार सायकल देता येत न्हाई.”

“अहो, मला ओळखता ना तुम्ही?”

“वळकतो की,” ते म्हणाले. “चांगलं वळकतो. पन बिल्ला लागतो.”

दुसऱ्या सायकलच्या घंटीला गंज आला होता, ती ते तेलाच्या फडक्याने पुसत राहिले. मी शाल आणि नारळ घेऊन भर दुपारी चालत घरी आलो. रस्त्यात तिघांनी अभिनंदन केलं. बिल्ला दुसऱ्या दिवशी चपलेच्या पट्ट्यात अडकलेला सापडला. मी तो शिपायाच्या हाती पाठवून सायकल मागवली. शिपाई म्हणाला, सायकल पुसून ठेवली होती, चाकात हवा भरली होती.

महिन्याभराने स्टँडवर दुसराच माणूस दिसला. हवालदार खंडाळा तालुक्यात लेकीकडे राहायला गेले, एवढंच त्याला माहीत होतं.

पुढे पाच-सहा वर्षांनी शाळातपासणीच्या साहेबांबरोबर मी खंडाळ्याकडच्या एका गावात गेलो होतो. पुण्याचं टेलिव्हिजन तिथे दिसायला लागलं होतं. शाळेच्या पटांगणात उंच बांबूवर अँटेना, व्हरांड्यात टेबलावर संच आणि पुढे सगळं गाव बसलेलं. रविवारची संध्याकाळ, चित्रपट चालू. पडद्यावर मुंग्या दिसत होत्या, आणि मुंग्यांच्या आड एक नट बायकोची क्षमा मागत होता.

गर्दीच्या कडेला भिंतीशी हवालदार उभे होते. केस पांढरे, पट्टा तोच. मी जाऊन शेजारी उभा राहिलो. त्यांनी मान लववली, “या,” म्हणाले, आणि माझ्यासाठी हातभर सरकून जागाही केली. तब्येत विचारली. साहेब आहेत म्हटल्यावर चहाची सोय झाली का, तेही विचारलं. रीत कुठे चुकली नाही.

मग आम्ही दोघे बघत राहिलो. तो नट बरा करत होता की वाईट, मला खरोखरच कळत नव्हतं. अखेर न राहवून मी विचारलं, “काय हवालदार, काय मत?”

“तुमी सांगा, भाऊसाहेब,” ते अदबीने म्हणाले. “आमाला काय कळतंय त्यातलं.”

तेवढ्यात पलीकडून एक म्हातारा खेटत आला आणि त्यांच्या दंडाला हात लावून म्हणाला, “सर्जेराव, कसा करतोय रं गडी?”

हवालदार त्याच्याकडे वळले. खाली वाकून, हात तोंडाशी धरून, त्याच्या कानात ते बराच वेळ बोलत होते. म्हातारा आधी ऐकत होता, मग त्याने पडद्याकडे नीट पाहिलं, मग मान डोलावली आणि मांडीवर थाप मारून हसला. टेलिव्हिजनचा आवाज मोठा होता. मी अर्धं पाऊल सरकून पाहिलं, तरी मला एक शब्द ऐकू आला नाही.